दुधाचे डॉक्टर नईमसाहेब

नईमसाहेबांना गोड आवडत नसे. आमच्या भूम गावच्या खव्यासाठी ज्या माणसानं एवढी खटपट केली, त्यानं पेढा कधी आवडीनं खाल्लेला मी पाहिला नाही. भट्टीवर कुणी त्यांच्या हातावर ताजा खवा ठेवला की ते तो आधी नाकाशी नेत, मग बोटांत चुरून बघत, कणभर जिभेवर ठेवून डोळे मिटत आणि उरलेला शेजारच्याला देऊन टाकत. भूक लागली की मात्र ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि त्यातूनच म्हणायचे, "मल्लप्पा, ये असली चीज है. गोड तर लहान पोरांचं काम."

बोलण्याचा मला सराव नाही. भट्टीवर बसणारा माणूस दुसऱ्याचं ऐकायला शिकतो, आपलं सांगायला शिकत नाही. नईमसाहेबांविषयी तर मी इतकी वर्षं चकार शब्द काढला नाही, आणि ते मनात कुसळासारखं टोचत राहिलं. आता पन्नाशी जवळ आली. डोक्यावरचे केस गेले, भट्टी पोरांनी हाती घेतली. वाटतं, एकदा जसं होतं तसं सांगून टाकावं.

ती दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. भूम निजामाच्या मुलखात आणि बार्शी इंग्रजांच्या. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे निजाम सरकारचं जकातीचं ठाणं. आमच्याकडं जमीन कोरडी, पण माळावर गवत बरं, त्यामुळं घरोघर म्हशी. एवढं दूध गावात कोण पिणार? आणि लांब न्यावं तर वाटेत नासतं. म्हणून ते भट्टीवर आटवायचं, खव्याचे नारळाएवढे गोळे बांधायचे, पळसाच्या पानांत गुंडाळून पाट्यांत रचायचे आणि बैलगाडीनं बार्शीच्या पेठेत पोचवायचे. तिथले एक शेठ आमचा सगळा माल घेत.

पण मधल्या काळात काय बिनसलं कुणास ठाऊक. वरून पांढरा, गुळगुळीत दिसणारा गोळा शेठनी चार दिवसांनी कापला की आत आंबूस वास आणि निळसर बुरशी. शेठनी एकदा सोसलं, दोनदा सोसलं. मग गाडीवानाबरोबर निरोप धाडला, "दसऱ्याचा माल असाच निघाला तर पुन्हा माझ्या दारात गाडी सोडू नका." दुसरं गिऱ्हाईक आम्हाला नव्हतं. भट्ट्या विझल्या असत्या तर गवळ्या-धनगरांच्या म्हशींना बाजार दाखवायची पाळी आली असती. आम्ही भट्टीवाले एकमेकांकडं संशयानं बघू लागलो होतो. आपला खवा चांगला, दुसऱ्याचाच नासका असणार, अशी प्रत्येकाची खात्री.

अशात नईमसाहेब आले. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत ते रसायनशास्त्राचे प्रोफेसर. तिथल्या काही मंडळींनी असं ठरवलं होतं की प्रयोगशाळेतून उठायचं, मुलखातल्या लहान धंद्यांपाशी जायचं, त्यांचं काय अडतंय ते विचारायचं आणि त्यांच्या शेजारी बसून वाट काढायची. कुणी चामडं कमावणाऱ्यांकडं गेलं, कुणी रंगाऱ्यांकडं. नईमसाहेबांच्या वाट्याला खवा आला. त्यांचे सोबती त्यांना म्हणे चिडवत, "मियाँ, डिग्री विलायतेची आणि काम हलवायाचं!" हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलेलं.

पहिल्या दिवशी तहसीलदारांनी आम्हा भट्टीवाल्यांना कचेरीत बोलावून उभं केलं. नईमसाहेब खुर्चीवर बसले नाहीत. आमच्यासमोर उभं राहून विचारलं, "आपल्याला काय अडचण आहे?"

निजामाच्या राज्यात कचेरीत उभं राहून अडचण सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आमच्यातले वडीलधारे गुरुलिंगप्पा हात जोडून म्हणाले, "काही न्हाय, हुजूर. सरकारच्या मेहेरबानीनं समदं बेस हाय."

"खवा चांगला टिकतो?"

"लई चांगला."

साहेबांनी मान डोलावली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या भट्टीच्या दारात शेरवानी घातलेला हा उंच, सडपातळ माणूस बूट काढून उभा. आत येऊ का म्हणून विचारलं. हात धुवायला पाणी मागितलं. मग शेरवानी खुंटीला टांगली, बाह्या वर सारल्या आणि कढईपाशी बसून गड्याच्या हातातलं उलथनं घेतलं. दूध आटवताना उलथनं क्षणभर थांबवता येत नाही. थांबलं की बुडाला लागतं. दुपारपर्यंत त्यांच्या तळहाताला फोड आले, पण उठले नाहीत. तेव्हा माझा गडीच कळवळला. "साहेब, सोडा आता. ह्ये दूध कसंबी आटवा, बार्शीला जाऊन निळंच पडतंय."

"अच्छा?" साहेब उलथनं न थांबवता म्हणाले. "ते कसं काय?"

अशी आमची अडचण त्यांना कळली.

ते मुसाफिरखान्यात उतरले होते, पण दिवसभर कुठल्या ना कुठल्या भट्टीवर असत. मराठी त्यांना थोडंफार येत होतं, बाकीचं त्यांनी आमच्याकडूनच उचललं आणि त्यातला 'लई' हा शब्द त्यांना इतका आवडला की तो ते उर्दूतही घालत. "लई शुक्रिया", "लई अफसोस की बात". दिवसातून कितीदा तरी हात धुवायचे. ते बघून आमच्या घरातल्या बायका म्हणत, "ह्यो साहेब तर आमच्या जंगमस्वामीपरीस सोवळा!" त्यांना राग आलेला मी पाहिला नाही. फारच झालं तर चष्मा काढून पुसत बसत. तो स्वच्छ असला तरी.

दुधाचा कस बघायची एक काचेची नळी त्यांच्याजवळ होती. तळाला वजन असलेली ती नळी दुधात सोडली की उभी तरंगे आणि दूध किती दाट ते सांगे. ही बातमी फुटली आणि दूध घालणाऱ्यांची गाळण उडाली. एक रखमा मावशी तेवढ्या कमरेला पदर खोचून साहेबांसमोर दुधाची कासंडी आपटून उभ्या राहिल्या.

"बुडवा तुमची काचंची बाहुली. माज्या दुधात बुडली तर म्हस तुमची!"

साहेबांनी नळी सोडली. ती चांगली खोल गेली. भट्टीवरचे सगळे माना उंचावून बघू लागले. साहेबांनी नळी काढून फडक्यानं पुसली आणि अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "मावशी, तुमच्या म्हशीला पाणी लई आवडतं."

हसताना माझ्या गड्याच्या हातून उलथनं निसटलं. मावशी क्षणभर गोऱ्यामोऱ्या झाल्या, पण हार मानणारी बाई नव्हती ती. "उनाचं प्याली आसंल जरा जास्ती."

"पिऊ द्या," साहेब म्हणाले. "पाण्यानं खवा निळा पडत नाही. मल्लप्पांची लाकडं मात्र जास्त जळतात." आणि मावशींची कासंडी त्यांनी स्वतः कढईत ओतली. म्हैस काही त्यांनी मागितली नाही. पण मावशींचं दूध त्यानंतर असं दाट यायला लागलं की विचारू नका, आणि साहेबांसाठी ठेचाही त्यांच्याच घरून येऊ लागला.

साहेबांनी काय काय तपासलं! कढया, पानं, पाट्या, विहिरीचं पाणी, गड्यांची नखं. प्रत्येक भट्टीचा एकेक गोळा नेऊन त्यांनी मुसाफिरखान्यातल्या फळीवर ओळीनं मांडला होता. रोज सकाळी उठून नमाज झाली की त्या ओळीपुढं वाकून एकेकाचा वास घ्यायचे. आणि गंमत अशी की फळीवरचे गोळे चांगलेच राहत. तोच खवा बार्शीला गेला की नासे. गुरुलिंगप्पा म्हणाले, "बार्शीची हवाच वंगाळ." पण बार्शीत दुसऱ्या गावांचा खवा बरा टिकत होता.

दसरा जवळ येत चालला. एक दिवस साहेबांनी आम्हा सगळ्यांना माझ्या भट्टीवर बोलावलं. आम्हाला वाटलं, आता औषध सांगणार. ते म्हणाले, "मला कळलेलं नाही. जे येत होतं ते सगळं करून पाहिलं."

 आजवर किती साहेब पाहिले, पण मला कळलं नाही असं म्हणणारा साहेब कुणी पाहिला नव्हता. गुरुलिंगप्पा चिडले. "मग आमचं दिस कशाला मोडलं?"

"लई खरं," साहेब म्हणाले. "आता एकच राहिलंय. इथं खवा चांगला, तिथं वाईट. मधली वाट मी बघितलेली नाही. मला गाडीत घेता का?"

भानातात्या आमचे गाडीवान. साठीचा माणूस, बैलांशी जास्त बोलायचा आणि माणसांशी कमी. उजाडता उजाडता आम्ही निघालो. साहेब तात्यांच्या शेजारी, मी मागं पाट्यांपाशी. ऊन वर येईतो नाक्यावर पोचलो. लढाईमुळं मुलखाबाहेर धान्य न्यायला बंदी होती. त्यामुळं पाट्यांच्या तळाशी कुणी ज्वारी दडवली नाही ना हे बघायला नाक्यावरच्या जमादाराकडं हातभर लांब लोखंडी सळई असे. आमच्या पुढच्या गाडीत गुळाची पोती होती. पावसानं ओलसर झालेल्या त्या पोत्यांत त्यानं सळई खुपसली, मग तंबाखूच्या गच्च भरलेल्या बोदात, मग विजारीला पुसून आमच्या पाटीत. खचकन गोळ्याच्या आरपार. साहेब पुढं वाकून बघत होते.

नाका मागं पडला. पुढं बाभळीच्या सावलीत तात्यांनी नेहमीप्रमाणं गाडी थांबवली, जुवाला बांधलेला गडवा सोडला आणि पाटीपाशी आले. गडव्यात कच्चं दूध. त्यात अंगठा बुडवून ते गोळ्यांची भोकं बुजवू लागले. दाबायचं, गोल फिरवायचं, वरून हात मारायचा. गोळा पुन्हा जसाच्या तसा.

साहेब हळूच खाली उतरले. "तात्या, हे काय करता?"

"भोकं बुजवतुया."

"का?"

तात्यांना प्रश्नच कळेना. "का म्हंजी? फुटका माल शेटाम्होरं कसा ठिवायचा? गावाची आब्रू हाय न्हवं?"

"आणि दूध कशाला?"

"पान्यानं डाग पडतुया. दुधाला दूध कसं, झ्याक धरतंय."

"हे कधीपासून?"

"सळई खुपसाया लागल्यापासनं."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुमी खव्याचं इचारत हुता, साहेब. ह्ये तर वाटंवरचं काम."

आम्हा सगळ्या भट्टीवाल्यांना ते ठाऊक होतं. गडवा तर माझ्याच घरचा. पण त्याचा या प्रकरणाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. साहेब बाभळीखाली मटकन बसले आणि हसू लागले. चष्मा नाकावरून घसरेपर्यंत हसले. "मल्लप्पा, कढई बघितली, विहीर बघितली, मावशीची म्हैस बघितली. तात्यांचा अंगठा तेवढा राहिला!"

तात्यांनी अंगठा उन्हात धरून उलटासुलटा पाहिला. "धुतल्याला हाय, साहेब," ते दुखावून म्हणाले.

"तुमच्या अंगठ्याचा दोष नाही, तात्या," साहेब लगेच उठून त्यांच्यापाशी गेले. "गूळ, तंबाखू, सगळ्यांची घाण सळई आत सोडते. वर तुम्ही कच्चं दूध घालून दार लावता. आतल्या बुरशीची मेजवानीच!"

इलाज सोपा होता. सळई विस्तवात धरून मगच खुपसायची, आणि भोक तसंच उघडं ठेवायचं, म्हणजे आत ओल राहणार नाही. पण भूमला परतून हे सांगितल्यावर खरी कुस्ती लागली. गुरुलिंगप्पा उसळले. "भोकं दाखवून माल इकायचा? शेट म्हनंल, भूमवाले फुटकं खपवाया लागले. नासला तर नशिबानं नासला म्हनता येतं. फुटका म्हंजी आपल्याच हातानं इज्जत घालवायची!" बाकीच्यांचंही तेच. खरं सांगायचं तर माझंही तेच. साहेब म्हणाले, निदान एकदा निम्मे गोळे बुजवून आणि निम्मे उघडे पाठवून बघू. कुणी तयार होईना. उघडे जातील त्या गोळ्यांवर कुणाच्या भट्टीचं नाव लागणार?

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "माझं."

"तुमची कुटली आलीया भट्टी?" गुरुलिंगप्पा म्हणाले.

"मल्लप्पा एक कढई देतील. उद्याचा खवा मी काढतो. सगळे गोळे माझ्या नावावर."

काढला. माझ्या कढईत, माझ्या लाकडांवर, स्वतःच्या हातानं. बुडाला लागला, करपट वास आला, गोळेही कुठं चपटे, कुठं वाकडे. गुरुलिंगप्पा येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, "ह्येला भोक न्हाय पाडलं तरी शेट घेनार न्हाय."

नाक्यावर आणखी एक मजा. साहेबांनी जमादाराला सळई त्याच्या चहाच्या चुलीत धरायला सांगितली. जमादार ताठ झाला. "सळई गरम करने का हुकूम नहीं है, साहब."

"थंड ठेवायचा हुकूम आहे?"

जमादारानं बराच विचार केला. "वो भी नहीं है."

"मग?"

जमादारानं मुकाट्यानं सळई निखाऱ्यात सरकवली, आणि निवल्यावर आमच्या पाटीत घातली. तात्यांनी बाभळीखाली निम्मे गोळे बुजवले, निम्म्यांना हात लावला नाही. बुजवलेल्यांत साहेबांनी तीच सळई चुलीत धरण्याआधी, न तापवताच मुद्दाम घालायला लावली होती.

शेठनी ती भोकं बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण साहेबांच्या शब्दाखातर गोळे दुकानात ठेवून घेतले. चार दिवसांनी आम्ही सगळे तिथं हजर. गुरुलिंगप्पाही आले होते, आपण आलो नाही असा चेहरा करून. शेठनी सुरी घेतली. पहिला बुजवलेला गोळा उघडला. सळई गेली होती बरोबर त्या वाटेनं निळसर हिरवी रेघ, आरपार. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मग उघड्या भोकाचा गोळा. आत पांढराशुभ्र. आणखी एक. तोही स्वच्छ. सगळे कापून झाले. तात्या अंगठा मुठीत लपवून उभे होते.

शेठ आमच्याकडं वळले. आवाज चढला. "म्हणजे इतके दिवस भोकं लिंपून माल देत होतात मला? फसवत होतात?"

 साहेब पुढं झाले. "शेठजी, फसवलं नाही. तुमच्यापुढं नीटनेटका माल ठेवावा म्हणून गाडी थांबवून कष्ट घेत होते. एवढी अदब हल्ली कोण करतो? आता ते कष्ट वाचवतील. तुम्ही भोकाभोवतीचा बोटभर खवा काढून टाका, बाकी खुशाल विका."

शेठनी सुरी खाली ठेवली. मग एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "भोकाचं जाऊ द्या. हा करपवला कुणी?"

"मी," साहेब म्हणाले.

"मग एक अट. खवा यांनी करायचा. तुम्ही नाही."

"लई मंजूर!"

पहिल्यांदा गुरुलिंगप्पाच हसले. दसऱ्याचा माल उघड्या भोकांचा गेला आणि टिकला. पुढं तर बार्शीच्या पेठेत भोक असलेला गोळा म्हणजे भूमचा, अशी ओळखच झाली. साहेब दसऱ्यानंतर येडशीहून रेल्वेनं परत गेले. रखमा मावशींनी दिलेला ठेचा त्यांनी सामानात न ठेवता मांडीवर घेतला होता.

आता ते, जे मी बोललो नाही. पोलीस अॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडच्या माणसांनी बघू नये ते बघितलं. पुढं नवं सरकार आलं आणि एक नवे अधिकारी भट्ट्या बघायला आले. "ही सळई तापवायची रीत कुणी शोधली?" त्यांनी मला विचारलं. भोवती गावातली माणसं होती. मी म्हणालो, "आमची आम्हीच शोधली." कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. नुसतं ते मुसलमान नाव त्या घोळक्यात उच्चारायला जीभ वळली नाही.

वर्षभरानं कामासाठी हैदराबादला गेलो तेव्हा युनिव्हर्सिटीत जाऊन त्यांना गाठलं. ते होते, त्याच कामात होते. मागच्या अंगणात चार साबणवाले बसले होते आणि मोठ्या कढईत साबण रटरटत होता. दाढी पिकली होती. मला बघून त्यांनी मिठी मारली. मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. 

"वाईट वाटलं, मल्लप्पा," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? लई वाईट वाटलं." मग विचारलं, "खवा टिकतो ना?"

"टिकतो."

"मावशी?"

"ठणठणीत. तुमची चौकशी करतात."

त्यांचा चेहरा उजळला. "मग जेवून जा. नाही, थांबा, साबण उतरवायचाय." साबणवाले हाका मारत होते. मी म्हणालो, गाडीची वेळ झालीय, निघतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला आणि धावत कढईकडं गेले.

मी फाटकापर्यंत येऊन मागं वळलो. कढईची एक कडी साबणवाल्यानं आणि दुसरी साहेबांनी धरली होती. दोघांनी मिळून ती उचलून खाली ठेवली, तसा वाफेचा मोठा लोट उठला आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला. त्यांना काही दिसत नव्हतं. तरी मी अजून उभा असणार हे त्यांनी धरलं होतं. चष्मा न पुसताच त्यांनी हात उंच केला आणि जोरजोरात हलवू लागले, मी होतो तिथून बरंच डावीकडं, एका रिकाम्या भिंतीकडं बघून. तोंडभर हसत होते. मी भिंतीकडं सरकलो, त्यांच्या हाताच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिलो, आणि तिथून हात हलवला.